काही न करण्याची जबाबदारी

दर तीन महिन्यांनी आप्पा सोमेश्वरनगरहून बारामतीला जाऊन रक्त तपासायला देतात आणि संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर येते. मी पुण्यात दिवसभर सर्व्हरचे आलेख बघतो, तसा आप्पांच्या पांढऱ्या पेशींचाही एक ठेवलाय. दोन वर्षांत २२,००० वरून ३८,०००. निरोगी माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात.

आजाराचं नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, पण बऱ्याच जणांत अगदी संथ. डॉक्टर म्हणाले, सध्या औषध नाही, फक्त लक्ष ठेवायचं. घरात हे कुणालाच पटेना. चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पैशाचं काय असलं तर सांग." मलाही पटलं नव्हतं. माझ्या कामात अलर्ट आला की रात्री दोनलाही उठून काहीतरी करावंच लागतं.

म्हणून वाचत बसलो. जोधपूरला जन्मलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ साली या आजाराच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. पुढे फ्रान्समध्ये सुरुवातीच्या टप्प्यावरच्या पंधराशेहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना लगेच क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दिल्या, काहींच्या बाबतीत थांबले. १९९८ साली निष्कर्ष आला: गोळ्यांनी आजाराची चाल मंदावली, पण आयुष्य वाढलं नाही. आता औषधं बदललीत, तरी नुसता पेशींचा आकडा मोठा दिसतो म्हणून उपचार सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरणं, वजन उतरणं, रात्री घामाने भिजणं, आकडा झपाट्याने दुप्पट होणं, अशा खुणा बघतात.

हे कळूनही मी आणखी एका डॉक्टरांची वेळ घेतली. आप्पा बांधावर उभे होते. म्हणाले, "आडसाली ऊस बाराव्या महिन्यात तोडतोस काय?"

मी म्हणालो, "ऊस पिकावा म्हणून आपण थांबतो, आप्पा. हे पिकू नये म्हणून थांबायचंय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "व्हय. पण तवर पाणी द्यायचं चुकवत न्हाई ना आपण?"

पाणी म्हणजे फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, ताप अंगावर न काढणं, तारीख न चुकवणं. म्हणजे थांबणं आणि दुर्लक्ष करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्लक्षाला तारीख नसते.

मग मला नेमकं काय हवं होतं? खरं सांगायचं तर औषध मला हवं होतं, माझी भीती शमवायला. त्याचा त्रास मात्र त्यांच्या शरीराने सोसायचा. आपल्या माणसासाठी 'काहीतरी करूया' म्हणताना ते 'काहीतरी' नक्की कुणासाठी आहे, हे आपण क्वचितच तपासतो.

मी ती वेळ रद्द केली. जाताना आप्पा एवढंच म्हणाले, "पयलं तू फोनवर पावसाचं इचारायचास. आता नुसतं रिपोर्टचं इचारतोस."

परवा पीडीएफ आली. उघडण्याआधी फोन लावला. "आप्पा, तोड आली का?"

वीस मिनिटं बोलत होते.