जाळ्याचा दोरा आणि तलंगेचा पाय

सांजावलं की कोंबड्या आपसूक खुराड्याकडे वळतात. मालवणजवळच्या एका वाडीत गेल्या पावसाळ्यात त्यातली एक वळली नाही. तांबूस रंगाची तलंग, नुकतीच अंड्यावर आलेली, पडवीच्या पायरीशी एका पायावर उभी होती. घरातल्या आजीने तिला अंधार पडेपर्यंत तशीच राहू दिलं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, मग ती धावाधाव न करता हाती लागते. पंख अंगाशी दाबून आजीने तिला मांडीवर घेतलं आणि नातीने मोबाइलचा उजेड धरला.

मधल्या बोटाला नायलॉनचा दोरा आवळला होता. इतका रुतलेला, की सुजलेल्या कातडीत तो आधी दिसलाच नाही. शिवणाच्या कात्रीचं टोक आत सरकवायला आजीला बराच वेळ लागला. दोरा घरचाच होता. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत अंगणात जाळी दुरुस्त करताना पडलेला.

मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवला, कोरडा केला, हळद लावली. तळव्यावर काळी खपली आहे का, हेही आजीने पाहून घेतलं. ती असती तर प्रकरण वेगळं झालं असतं. कडक जमिनीमुळे, काट्यामुळे किंवा उंचावरून उडी मारल्याने तळवा सोलवटतो आणि माणसाला गळू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू आत शिरतात. पक्ष्याचा पू वाहत नाही, पनीरासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. नखाने खपली उपटून तो निघत नाही, तिथे जनावरांचा डॉक्टरच लागतो. मोडलेल्या पायाचंही तसंच. आणि एक पाय पुढे, एक मागे अशी कोंबडी पसरली, तर तो बहुधा मॅरेक्स नावाचा विषाणूचा आजार असतो. त्याला उपचार नाही. लस असते, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या-पडल्या द्यावी लागते. अशा वेळी कोंबडीला लवकर सोडवणं हीच तिची शुश्रूषा.

तलंगेला डालग्याखाली ठेवलं, पण अंगणातच, बाकीच्यांच्या नजरेसमोर. लंगडीला इतर कोंबड्या टोचून हैराण करतात. पार नजरेआड ठेवली तर परत आल्यावर तिला परकी समजून टोचतात. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली शास्त्राच्या भाषेत मांडलं. आजीकडे त्यासाठी डालगं होतं.

तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आये, ती आता लंगडीच रवतली. ऐतवाराक वडे करूया."

"पाय तर बरो होवंदे," आजी म्हणाली.

मुलाचं बोलणं निर्दय नव्हतं. जखमी कोंबडी कापणं हा गावोगावचा रिवाज, आणि त्यात तिचे हाल लवकर संपतात हेही खरं. मुंबईहून आलेल्या सुनेला मात्र आजीचंच वागणं ढोंगी वाटलं. आज हळद लावायची आणि दिवाळीनंतर तोच हात सुरीला, याला दया कशी म्हणायची?

सुनेचा प्रश्न टोकदार आहे, पण नेम चुकलेला. कोंबडी पुढे ताटात जाणार म्हणून आज तिचं दुखणं कमी होत नाही. शिवाय दोरा घरचा, खुराडं घरचं, दार लावणारा हात घरचा. जी आपल्या ताब्यात आहे तिचं दुखणं आपल्याकडे लागतं. १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदाही हेच सांगतो. खाण्यासाठी प्राणी मारायला त्यात मुभा आहे, पण विनाकारण वेदना द्यायला नाही, आणि ज्याच्या ताब्यात प्राणी त्याच्यावर त्याची काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज गावठी कोंबडीची तंगडीही येत नाही.

कोंबडीला दुखतं हे कळायला खरं तर प्रयोगाची गरज नसावी, तरी ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं होतं, एकात वेदनाशामक औषध मिसळलेलं. लंगड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं. लंगडणं जितकं जास्त, तितकं औषध जास्त. चोचीने दिलेली साक्ष याहून स्पष्ट काय असणार?

ब्रिटनमध्येच ५१ हजार ब्रॉयलर कोंबड्यांची चाल तपासली गेली आणि २००८ मध्ये निष्कर्ष आले: सरासरी चाळीस दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांना नीट चालता येत नव्हतं, ३.३ टक्क्यांना जवळपास चालताच येत नव्हतं. झपाट्याने वजन वाढावं म्हणून निवडलेली जात, त्या वजनाखाली वाकलेले पाय. तिथे कोणी मांडीवर घेऊन उजेड धरत नाही. एका तलंगेसाठी सुनेला अवघड वाटलेला प्रश्न शहरातल्या चिकनच्या दुकानासमोर कुणाला सहसा पडत नाही, कारण तिथे पाय दिसतात ते कापल्यावर.

तलंगेच्या बोटाचं टोक काळं पडून गळालं. उरलेल्या बोटांवर ती आता थोडी तिरकी, पण पळते. अंगणात जाळी विणायला बसलेला मुलगा हल्ली दोऱ्याचे तुकडे डब्यात टाकतो. आईने सांगितलं म्हणून नव्हे, असं तो म्हणतो.

आठवडी बाजारातून मात्र अजूनही चार-चार कोंबड्या पाय बांधून, मोटारसायकलच्या हँडलला उलट्या लटकत घरी जातात. पक्ष्याच्या छाती आणि पोटाच्या मध्ये आपल्यासारखा पडदा नसतो. उलटं टांगलं की आतड्यांचा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो, आणि सगळं अंग पेलतात ते बांधलेले पाय. येत्या बाजाराला कोंबडी आणायला जाणार असाल, तर घरून एक टोपली न्या.