इंटर्नच्या लॅपटॉपवरचं काम

ऑटोकॅडसारखं नकाशे काढायचं महागडं सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थी-शिक्षकांना वर्षभरासाठी फुकट देते आणि पात्रता टिकली की मुदत वाढवून देते. अट एवढीच, की वापर शिकण्या-शिकवण्यापुरता हवा, धंद्याच्या कामाला नको. मॅटलॅबची विद्यार्थी आवृत्ती, जेटब्रेन्सचे मोफत शैक्षणिक परवाने यांनाही अशीच मर्यादा आहे. एसटीचा विद्यार्थी पास घर ते शाळा एवढ्याच मार्गावर चालतो. हे परवानेही तसेच, विद्यार्थ्याच्या नावावर असले तरी कामाशी बांधलेले. त्यामुळे कॉलेजात शिकवणारे सर संध्याकाळी स्वतःच्या कन्सल्टन्सीचे नकाशे त्याच परवान्यावर काढतात, तेव्हा ते अट मोडतात.

त्याहून गंभीर प्रकार इंटर्नशिपमध्ये घडतो. ‘येताना लॅपटॉप घेऊन ये’ असं ऑफिस सांगतं आणि ग्राहकाच्या बंगल्याचे प्लॅन, सेक्शन मुलाच्या शैक्षणिक परवान्यावर निघू लागतात. फी ऑफिसला मिळते, अट मात्र मुलाच्या नावावर मोडली जाते. आणि आठवडाभरापूर्वी रुजू झालेला मुलगा साहेबांना ‘नाही’ कसं म्हणणार? ऑटोकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत अशा प्रिंटच्या कडांवर शैक्षणिक आवृत्तीचा शिक्का उमटायचा. त्या ड्रॉइंगमधला तुकडा विकतच्या परवान्यावरच्या फाइलमध्ये चिकटवला, तर तिथेही शिक्का पोचायचा. शिक्का उमटो न उमटो, माझ्या मते इथे पहिला दोष ऑफिसचा आहे. त्याच गावात सबस्क्रिप्शनचे पैसे भरून दर सांगणारा ड्राफ्ट्समन या स्वस्ताईपुढे काम गमावतो. नुकसान फक्त बड्या कंपनीचं होतं, हे म्हणूनच खरं नाही.

कंपनी सवय लावण्यासाठीच फुकट देते, हा आक्षेप रास्त आहे. तिचा स्वार्थ उघड आहे. पण तो माहीत असूनही आपण अट मान्य केली. देणाऱ्याच्या स्वार्थाने आपला शब्द रद्द होत नाही. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्याला सबस्क्रिप्शन झेपत नाही, हे दुखणं मात्र खरं आहे. त्यावर एक मार्ग आहे : फ्रीकॅड, क्यूजीआयएस, लिबरऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअर व्यवसायातही मोफत वापरता येतात. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. ग्राहक ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइलच मागतो, तेव्हा हा मार्ग अपुरा पडतो, हेही मान्य. तिथे परवान्याचा खर्च फीमध्येच धरायला हवा. आणि कॉलेजांनी इंटर्नशिपचं पत्र देतानाच ऑफिसकडून लिहून घ्यावं : काम कोणत्या सॉफ्टवेअरवर होणार आणि परवाना कुणाचा.