वाळूतला भुंगेरा

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-२१



आदिलाबादेत एप्रिल लागला की काळी जमीन भेगाळते आणि भल्या पहाटे हापशीवर घागरींची रांग लागते. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका पहाटे मंडळीतील एका आजींनी मला विचारले, "भाऊ, बोअरही आटली. आता प्रार्थनेला कशाला उठायचे?" मला उत्तर सुचले नाही.

आफ्रिकेतील नामिबच्या वाळवंटात ऑनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस नावाचा काळा भुंगेरा राहतो. तेथे पाऊस फारच थोडा. मधूनमधून समुद्रावरून धुके मात्र येते. हा प्राणी एरवी दिवसा हिंडणारा. पण धुक्याच्या रात्री, गारठा असतानाही, तो वाळूतून निघून टेकडीच्या माथ्यावर चढतो आणि डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो. अंगावर जमलेले पाणी ओघळून त्याच्या तोंडाशी येते. हॅमिल्टन व सीली या संशोधकांनी १९७६ साली हे जगापुढे मांडले.

इस्राएल लोकांनाही मान्ना मिळाला तो पहाटेच्या दवाबरोबर. ऊन चढले की तो वितळून जाई. धुके भुंगेऱ्याच्या सोयीने येत नाही. तोच धुक्याच्या वेळेला उठतो. देवाची कृपा आपल्या कष्टाची मजुरी नव्हे. तरी ती घ्यायला डोके लववून हजर राहावे लागते.

दुसरी गोष्ट. ज्यांनी मान्ना उद्यासाठी दडवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. फार दिवस ठेवलेल्या पिठात आपल्याला तांबूस भुंगेरे दिसतात ना? तेही त्या वाळवंटी भुंगेऱ्याच्याच कुळातले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना ते जरूर दाखवावेत आणि विचारावे, आपण काय दडवून ठेवले आहे? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याने मोटारीच्या खोलीला कुलूप घालून पावसासाठी प्रार्थना करू नये. त्या उन्हाळ्यात माझ्या दारातही भरलेले पिंप होते, आणि मी ते झाकून ठेवले होते. हे आज कबूल करतो.

पुढे मी त्या आजींकडे गेलो. म्हणालो, "आजी, धुके रोज येत नाही. पण येईल त्या रात्री आपण माथ्यावर असू या. आणि तोवर माझ्या पिंपातले पाणी तुमचेही आहे."

प्रभो, आम्हांला पहाटे उठव, आमची मान लवव आणि आमचे हात मोकळे कर. आमेन.