एक अंशाचा कोन का काढता येत नाही?

कोनमापकावरच्या सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. पण कोनमापक बाजूला ठेवून आकडे नसलेली पट्टी आणि कंपास एवढीच साधने घेतली, तर 3 अंशांचा कोन अचूक काढता येतो, 1 अंशाचा मात्र कधीच नाही. हे ठामपणे सांगता येण्यासाठी गणिताला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

सुरुवात सोपी होती. युक्लिडने इ.स.पू. 300च्या सुमारास ‘एलिमेंट्स’च्या पहिल्याच पुस्तकात कोनाचा दुभाजक काढून दाखवला. शिरोबिंदूवरून एक कंस, तो भुजांना छेदतो त्या बिंदूंवरून आणखी दोन, आणि त्यांच्या छेदनबिंदूतून एक रेषा. कोन कोणताही असो, कृती बदलत नाही. चौथ्या पुस्तकात त्याने वर्तुळात पंचकोन आणि पंधरा बाजूंची आकृतीही बसवली. वर्तुळाचे पंधरा समान भाग म्हणजे प्रत्येकी 24 अंश. दुभाजक काढत गेले की 12, 6, 3. पुढचा दुभाजक दीड अंशावर नेतो. एक अंश मधेच निसटतो, कारण तिथे 3 अंशांचे तीन समान भाग हवे असतात.

ही अडचण कागदापुरती नव्हती. वर्तुळाचे 360 भाग ही बाबिलोनची देणगी, आणि ग्रहांचे गणित त्याच भागांवर चाले. इ.स. 150च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने जीवांचे कोष्टक रचले. दीड अंश आणि पाऊण अंश यांच्या जीवा त्याला भूमितीने मिळाल्या. एका अंशाची जीवा त्याला या दोहोंच्या मधे पकडून अंदाजाने ठरवावी लागली.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) याचा एक विलक्षण पुरावा सापडतो. 1,20,000 व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या समभुज आकृतींच्या बाजू ‘लीलावती’त दिल्या आहेत: 1,03,923; 84,853; 70,534; 60,000; 52,055; 45,922; 41,031. आजच्या गणिताने पडताळले तर पाच आकडे एककापर्यंत बरोबर निघतात. फक्त सप्तकोनाचा आणि नवकोनाचा आकडा सुमारे 11ने कमी आहे. पट्टी-कंपासने अचूक काढता न येणाऱ्या आकृती यात नेमक्या या दोनच आहेत. इतर बाजू वर्गमुळांनी मिळतात. या दोन वर्गमुळांच्या आवाक्याबाहेर आहेत.

आवाक्याबाहेर का, याचा धागा पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात समरकंदच्या अल-काशीच्या हाती आला. 3 अंशांच्या ज्येवरून (साइनवरून) 1 अंशाची ज्या काढताना त्याच्यासमोर घनसमीकरण उभे राहिले. पायरीपायरीने उत्तर सुधारत त्याने ती ज्या कमालीच्या अचूकतेने काढली. पण तो शोधत होता एक संख्या. हे घनसमीकरण कंपासला पेलेल का, हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न आकाराला यायला बीजगणित भूमितीत मुरावे लागले. रेषा वर्तुळाला छेदते किंवा दोन वर्तुळे छेदतात, तेव्हा नवे बिंदू वर्गसमीकरणाने मिळतात. म्हणजे पट्टी-कंपासची प्रत्येक पायरी फार तर एक वर्गमूळ देते. 1796 साली, वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, गाउसने याच वाटेने सतरा बाजूंची आकृती शक्य असल्याचे दाखवले. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या आकृतींच्या यादीत युक्लिडनंतर पडलेली ती पहिली भर. 1837 साली पिएर वांत्सेल या तरुण फ्रेंच गणितीने उलट बाजू सिद्ध केली: कोनाच्या त्रिभाजनासाठी सर्वसाधारणपणे जे घनसमीकरण सोडवावे लागते, ते वर्गमुळांच्या कितीही पायऱ्या रचून सुटत नाही. 90 अंशांसारख्या काही कोनांचे त्रिभाजन होते. 60चे होत नाही. म्हणून 20 अंश मिळत नाही. 1 अंश मिळाला असता तर तो वीसदा जोडून 20 मिळाला असता. म्हणून तोही नाही.

यात मोलाची गोष्ट ‘नाही’ हे उत्तर नव्हे. प्रश्नाने घेतलेले वळण आहे. ‘कसे काढू?’ असे पिढ्यानपिढ्या विचारले गेले. गाउस आणि वांत्सेल यांनी विचारले, ‘या साधनांनी मुळात काय काय निघू शकते?’ मग मर्यादा माणसाच्या कल्पकतेकडून साधनाकडे सरकली. आर्किमिडीजच्या नावे सांगितली जाणारी युक्ती तेच दाखवते: पट्टीवर दोन खुणा करायची मुभा मिळाली की कोणत्याही कोनाचे त्रिभाजन होते. कोन तोच राहतो, फक्त नियम बदलतो.

कोनदुभाजक शिकवताना ही अर्धी राहिलेली गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. दोन भाग झाले, आता तीन करून पाहा, असे म्हणावे. त्यांना झगडू द्यावे. आणि मग ते का जमत नाही हे सांगावे. प्रयत्न फसणे आणि अशक्यता सिद्ध होणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याला वेळेवर उमगते, त्याला सिद्धता ही परीक्षेपुरती पाठ करायची गोष्ट वाटणार नाही.