पाणी संपते तिथे नदी संपत नाही

डोंगरातल्या ओढ्याकाठी, पाण्यापासून हातभर अंतरावरच्या गोट्यांवर ओंजळभर पाणी शिंपडले, की फटींमधून तांबूस किंवा निळसर झाकेचे बारीक भुंगेरे बाहेर पडतात आणि सैरावैरा धावत सुटतात. कीटक-अभ्यासक त्यांना याच युक्तीने गाठतात. लांबी बहुधा 3 ते 7 मिलिमीटर, डोळे मोठे, पाय विलक्षण चपळ. लातरेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1802 मध्ये या प्रजातीला बेम्बिडियन हे नाव दिले. आज तिच्यात 1200 हून अधिक जाती गणल्या जातात आणि त्यांतल्या कितीतरी ओढ्या-नद्यांचे काठ सोडून सहसा कुठे राहत नाहीत.

नदी जिवंत आहे की नाही हे ठरवताना आपण पाणी तपासतो : विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, मासे. काठावरचा हा भुंगेरा त्या तपासणीत येत नाही, कारण तो जमिनीवरचा जीव मानला जातो. मला ही विभागणीच चुकीची वाटते.

ईशान्य इटलीतली तालियामेंतो नदी पाहा. आल्प्समधून निघून सुमारे 170 किलोमीटर वाहत ती एड्रियाटिक समुद्राला मिळते. मधल्या टप्प्यात तिला अजून बांधून टाकलेले नाही. काही ठिकाणी किलोमीटरहून रुंद अशा गोट्यांच्या पसाऱ्यात तिचे अनेक प्रवाह वेगळे होतात, पुन्हा मिळतात आणि मोठ्या पुरानंतर जागा बदलतात. तिथल्या काठावरचे कीटक नेमके काय खातात, हे त्यांच्या शरीरातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून तपासले गेले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार काठावरच्या भुंगेऱ्यांचे अन्न जवळजवळ सगळे पाण्यातून आलेले होते. स्टोनफ्लाय या कीटकाची अळी महिनोन्‌महिने पाण्याखाली वाढते आणि शेवटची कात टाकायला दगडांवर चढून येते. कात टाकल्यावर तिचे अंग काही काळ मऊ असते, उडता येत नाही. भुंगेऱ्याची शिकार तिथेच असते. हवेत श्वास घेणारा, कोरड्यात धावणारा हा जीव नदीच्याच अन्नावर उभा आहे आणि पुढे पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या तोंडी जातो. नदीची हद्द पाण्याच्या कडेला आखणे मग कशाच्या आधारावर?

या भुंगेऱ्याला उघडा गोटाच हवा. झाडोरा दाट झाला, फटींत गाळ बसला, की गोट्यांवर जगणाऱ्या जातींची जागा गेली. पूर ती जागा पुन्हा धुऊन मोकळी करतो. पाणी चढू लागले की प्रौढ भुंगेरे वर पळतात, पंख असलेले उडतात. काही जाती हिवाळा काठापासून दूर काढतात. हंगामी पुराशी त्यांचे आयुष्य असे जुळलेले आहे.

दिवसातून दोन-तीनदा येणाऱ्या पुराशी मात्र ते जुळलेले नाही. आल्प्समधल्या अनेक जलविद्युत केंद्रांतून विजेची मागणी वाढली की पाणी सोडतात, घटली की बंद करतात, आणि खालचा काठ रोज अनेकदा बुडतो, उघडा पडतो. अशा नद्यांच्या काठावर कीटकांची संख्या लक्षणीय घटल्याचे आढळले आहे. सरळ केलेल्या, दगडी बांधांत कोंबलेल्या पात्रांचीही तीच गत. नदीत अमुक इतके पाणी सोडा, एवढ्या नियमाने हा प्रश्न सुटत नाही, कारण दिवसभराची बेरीज बरोबर आली तरी काठ मेलेला असू शकतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात नदीलगत निळी आणि लाल पूररेषा आखतात, अनुक्रमे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. इमारत कुठे नको हे त्या सांगतात, आणि ते आवश्यकच आहे. रेषेच्या आत उरलेल्या गोट्या-वाळूच्या पट्ट्याकडे मात्र आपण उपसण्याचा माल किंवा सुशोभीकरणाची रिकामी जागा म्हणूनच पाहतो.

जलविद्युत नको, असे मी म्हणणार नाही; कोळशापेक्षा ती बरी. पण झडपा सावकाश उघडता-मिटता येतात, केंद्राच्या खालच्या अंगाला लहान जलाशय बांधून चढ-उतार मवाळ करता येतो. हे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत, खर्चाचे आहेत. तो खर्च विजेच्या दरात यावा, आणि प्रकल्पाच्या परवान्यात किती पाणी सोडायचे याच्या शेजारीच ते तासाला किती चढू-उतरू द्यायचे हेही लिहिलेले असावे.