मैदानावरच्या कामाचा हिशेब

निवृत्त क्रीडा शिक्षक गेला की शोकसभेत दोन भाषणे हमखास होतात. एकात त्याने घडवलेल्या खेळाडूंची नावे येतात, दुसऱ्यात घरादाराकडे न पाहता तो शाळेसाठी कसा झिजला ते सांगितले जाते. छत्रपती संभाजीनगरात आमचे सर गेले तेव्हाही असेच झाले. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. शहरातल्या कुठल्याही जुन्या शाळेत शिकलेल्या माणसाला असे एक ‘पी.टी.चे सर’ आठवतीलच. त्या दिवशी जे बोलले ते सगळे मनापासून बोलले. पण सरांचे काम नेमके काय होते, त्यात कोणते कसब होते, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ती बोच माझ्या मनातून जात नाही.

सर खो-खो शिकवत. या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण रांगेत, आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठीवर खो बसताच उठायचे, आणि एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. त्यामुळे धावण्याआधी बसायला यावे लागते. नव्या मुलांना सर कितीतरी दिवस नुसते बसायला आणि उठायला लावत: भार कुठल्या पायावर, टाच किती उचललेली, नजर कुठे. मुले कंटाळत, पालकांना वाटे हे काय चालले आहे. पण तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या स्पर्धेत आमचा खेळाडू समोरच्यापेक्षा अर्धा क्षण आधी उठलेला दिसे. असे शिकवायला बी.पी.एड.चे ज्ञान लागते, वर्षानुवर्षांचे निरीक्षण लागते, आणि एकच गोष्ट शंभरदा सांगूनही आवाज न चढवण्याची शिस्त लागते. गणिताच्या शिक्षकाच्या विद्वत्तेबद्दल आपण आदराने बोलतो, क्रीडा शिक्षकाच्या मात्र फक्त शिट्टीबद्दल आणि स्वभावाबद्दल.

मुलींच्या बाबतीत तर त्यांचे शहाणपण आणखी खोल होते. सातवी-आठवीत मुली मैदानावरून हळूहळू दिसेनाशा होतात. सर संध्याकाळी घरी जात आणि आधी आईशी बोलत, कारण नकार बहुतेक वेळा वडिलांच्या तोंडून आला तरी काळजी आईची असते, हे त्यांनी ओळखले होते. पाळीच्या दिवसांत सराव कसा ठेवायचा ते त्यांनी शाळेतल्या बाईंना विचारून घेतले होते. सकाळी उपाशी आलेली मुलगी त्यांना पहिल्या फेरीतच कळे. या शेवटच्या गोष्टीचे मोल मराठवाड्यात तरी कुणाला समजावून सांगायला नको. धाराशिवची सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. एकवेळच्या जेवणावर काढलेल्या वर्षांबद्दल तिने स्वतःच सांगितले आहे. अशी मुलगी टिकते तेव्हा मैदानावर कुणाचे तरी तिच्याकडे नीट लक्ष असावे लागते.

आता त्यागाबद्दल. एसटीचे भाडे, फक्कीची पिशवी, फाटलेल्या बुटांऐवजी नवे बूट यांचा खर्च शाळेचा निधी मंजूर होण्याआधी सरांच्या खिशातून होई, आणि तो परत मिळेच असे नाही. सभेत हे कौतुकाने सांगितले गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. तो खिसा त्यांच्या घराचाही होता.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण अशीच सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकरांपुढे नतमस्तकच व्हावे. पण देशाने निवडलेल्या मल्लासाठी एका प्राचार्याला घर गहाण का ठेवावे लागले, हा प्रश्न आपण विचारत नाही. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर, त्यांच्या जाण्यानंतर सोळा वर्षांनी. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांचेही तसेच. त्यांची नोकरी स्टेट बँकेतली होती. शारदाश्रम शाळेच्या मुलांना घडवण्याचे काम त्या नोकरीपलीकडच्या वेळात उभे राहिले. २०१९ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा शासकीय इतमामही मिळाला नाही आणि मागाहून वाद झाला. त्याग म्हटले की देणे संपते, असा काहीसा व्यवहार आपण या माणसांशी केला आहे.

सरांना हा हिशेब आवडला नसता, हे मला माहीत आहे. मुलांसाठी केलेल्या खर्चाचा आकडा त्यांनी कधी काढला नाही, आणि त्यांच्या उदारपणाला कमी लेखायचा माझा अजिबात हेतू नाही. पण त्यांच्या उदारपणावर व्यवस्था विसंबून राहिली आणि ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर मैदान रिकामे पडले, हेही तितकेच खरे आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. शाळेला क्रीडांगण हवे, प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य हवे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शिक्षकाबाबत मात्र सहावी ते आठवीत शंभरहून जास्त मुले असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक, एवढीच तरतूद आहे. सकाळी साडेपाचला मैदान उघडणारा, मुलीच्या आईशी बोलायला जाणारा माणूस अर्धवेळात कसा मावणार? जानेवारी उजाडला की पी.टी.चा तास विज्ञानाचा पोर्शन संपवायला जातो, आणि दहावीला मात्र खेळाचे सवलतीचे गुण सगळ्यांना हवे असतात.

आपल्या शहरात विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे. ही मोठी साधने आहेत आणि ती असायलाच हवीत. पण तिथे पोचणारे मूल आधी कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर कुणाच्या तरी नजरेत भरावे लागते.

शोकसभेच्या शेवटी सरांच्या नावाने फिरता करंडक सुरू करायचे ठरले. माजी विद्यार्थी म्हणून माझी वर्गणी त्यात आहेच. तरीही मी आयोजकांना लिहिले आहे की करंडक साधा घ्या, आणि उरलेल्या पैशांतून एका बी.पी.एड. झालेल्या मुलाला किंवा मुलीला नियमित मानधन द्या. पहाटे आणि संध्याकाळी मैदान उघडे राहील, एसटीच्या भाड्याची पावती फाडली जाईल आणि ते पैसे त्याच महिन्यात परत मिळतील, एवढे त्यात बसवा. निधी कमी पडला तर दरवर्षी पुन्हा मागा. मी देईन, आणि सरांच्या हाताखाली बसायला-उठायला शिकलेली बरीच माणसे आज या शहरात चांगल्या पगारावर आहेत.