अवधूताचे गुरू आणि आपले रान

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आला आहे, तो वारकरी वाचकांस नवा नाही. नाथमहाराजांनी त्यावर केलेले विस्तृत निरूपण चातुर्मासात घरोघर वाचले जाते. राजा विचारतो, बाबा रे, ना शेत ना घर, मग तुझे ठायी हा आनंद आला कोठून? अवधूत आपले 24 गुरू सांगतो. या चोविसांची कधी बोटावर मोजदाद करून पाहावी. पंचमहाभूते, सूर्य, चंद्र व समुद्र मिळून आठ. माणसे पाच, त्यांत एक वेश्या, एक कुमारी, एक तान्हे मूल, एक बाण घडविणारा आणि एक मध गोळा करणारा. मग उरले किती? अकरा! ते कोण म्हणाल, तर कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी. शिवाय पृथ्वी या गुरूच्या पोटात पर्वत व वृक्षही आलेच. म्हणजे अवधूताची अर्धीअधिक पाठशाळा रानात भरते. त्यात शास्त्री-पंडित एकही नाही. आम्ही लहानपणी कौमुदी घोकली, तेव्हा हे जरा मनाला लागते; असो.

गुरुपौर्णिमेला आपण फुले वाहतो, पाद्यपूजा करतो. पण गुरूचे घर मोडून गुरूची पूजा होते काय?

नागपूरकरांना रान पाहायला फार दूर जावे लागत नाही. शहराच्या कुशीत गोरेवाडा आहे. 1912 साली बांधलेला तलाव, भोवती सुमारे 1900 हेक्टर रान, त्यात बिबट्या, नीलगाय, मोर. 2021 साली तेथे मोठे प्राणी उद्यान सुरू झाले. पोरांना पिंजऱ्याबाहेरचे अस्वल दिसते हे बरेच झाले, पण आम्हास त्यामागच्या बिनतिकिटाच्या रानाचे अप्रूप अधिक. त्याच साली अजनीच्या रेल्वे वसाहतीतील जुनी झाडे वाचावीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्यांना कोणी म्हणाले, एवढे काय त्यात? एक तोडले तर दहा लावू.

या 'दहा लावू'चा विचार केला पाहिजे. आपल्या नागपुरात राखी धनेश नावाचा पक्षी आहे. विणीच्या दिवसांत मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. एक चीर तेवढी ठेवते. नर दिवसभर वडाची, पिंपळाची, उंबराची फळे आणून त्या चिरेतून तिला आणि पिलांना भरवितो. आता ती ढोली काय रोपट्यात असते? ती पडायला झाड म्हातारे व्हावे लागते. म्हणून एक म्हातारे झाड तोडले म्हणजे एक कुटुंब बेघर झाले, आणि दहा रोपांनी ते आपल्या डोळ्यांदेखत परत बसत नाही. त्यातून रोपे लावायची कोणती, तर सुबाभूळ! परदेशातून आलेले झाड. झपाट्याने वाढते, फोटो लवकर निघतो. पण मोहाच्या फुलावर हरीण, अस्वल, वटवाघूळ जगते, पळसाच्या फुलावर पाखरे फाल्गुनात तुटून पडतात. ऐन, धावडा, बिबला, सालई, चार, तेंदू, बेहडा हे सारे एका पंगतीला बसले म्हणजे त्याला रान म्हणावे. एकाच जातीची ओळीत उभी केलेली झाडे म्हणजे रान नव्हे, ती पलटण झाली.

महाभारताच्या उद्योगपर्वात भगवान श्रीकृष्ण संजयाला मोठी मार्मिक उपमा देतात. धृतराष्ट्र आणि त्याचे पुत्र हे वन, व पांडव हे त्यातील वाघ. वन गेले की वाघ मारला जातो, आणि वाघ गेला की वन तोडले जाते. तेव्हा दोघांनी एकमेकांस राखावे. युद्ध टाळण्यासाठी सांगितलेली गोष्ट. पण उपमा तेव्हाच पटते जेव्हा ऐकणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसते. त्या काळच्या माणसाला हे ठाऊक होते की वाघाच्या भयाने कुऱ्हाड थांबते.

हे आम्ही रामटेकाकडील एका सप्ताहात सांगत होतो. काला झाल्यावर एक शेतकरी पुढे आला. म्हणाला, "महाराज, तुमचं सांगनं खरं हाय. पन वाघ तुमच्या कीर्तनात येत नाही, तो आमच्या वावरात येते. डुकरं एका राती हरभरा साफ करते. त्याचं काय?"

प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळ वाजवून उत्तर देता येत नाही. 2025 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहा वेचायचा तो पहाटे, वाकून, खाली मान घालून. वाघाला ते चार पायांचे जनावरच वाटते. सरकार भरपाई देते, पण पोरांची आई भरपाईने येत नाही. जो शहरात बसून 'वाघ वाचवा' म्हणतो आणि या बायांचे नाव घेत नाही, त्याची भूतदया अर्धी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. नागपूरकर सकाळी तोंड धुतो ते पाणी पेंचेचे. ज्या रानातून ती नदी येते, त्या रानाच्या काठी कोण राहतो आणि रात्री कोणाची झोप उडते, हे त्याने विचारले पाहिजे.

तरी मार्ग नाही असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच, गोंडपिंपरी तालुक्यात पाचगाव म्हणून लहानसे गाव आहे. वनहक्क कायद्याने 2012 साली या ग्रामसभेला सुमारे 1000 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. रान हाती आल्यावर गावाने काय केले? बांबू विकून गावातच मजुरी उभी केली, आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले! हातचा रोख पैसा सोडला. कारण काय, तर नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे छाटतात, जमिनीला आग लावतात, आणि ती आग सारे रान खाते. पाने राहिली तर फळ धरते; ते माणसेही खातात, पाखरेही खातात. त्यावर आणखी, सुमारे 34 हेक्टर रान देवाचे म्हणून बाजूला ठेवले. तेथे कोणी काही तोडायचे नाही. वैराग्यावर आम्ही कितीतरी कीर्तने केली, पण आख्ख्या गावाने बैठक घेऊन वैराग्य ठरविल्याचे असे उदाहरण विरळा!

रस्त्याचीही एक गोष्ट ऐका. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या रानातून जातो. तो रुंद करायचा म्हणताच वाद झाला, कोर्टकचेरी झाली. शेवटी नऊ ठिकाणी जनावरांना खालून वाट ठेवली. त्यांतली सर्वांत लांब 750 मीटरांची. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 साली खाली कॅमेरे लावून पाहिले, तो 18 जातींची जनावरे ये-जा करताना दिसली, आणि त्यांत वाघसुद्धा. वरून ट्रक, खालून वाघ! भांडणारे भांडले म्हणून हे झाले, आपोआप झालेले नाही.

आता आपल्या मंडळींकडे वळतो. सप्ताहाच्या पंगतीला चुली पेटतात. त्यात रानातले ओले लाकूड जाऊ नये. जिथे जमेल तिथे ग्यास घ्यावा. रानालगतच्या देवळांनी रात्री भोंगा रानाकडे तोंड करून लावू नये. विठोबाला ऐकू येते. मोहाखालचा पाला पेटवू नका, झाडाखाली जाळी बांधून फुले धरण्याची रीत काही गावांनी धरली आहे, ती पाहून घ्या. वेचायला एकट्याने जाऊ नका. ज्याचे पीक गेले त्याचा भरपाईचा अर्ज लिहून द्यायला भजनी मंडळातला एखादा शिकलेला पोरगा बसवा. तेही कीर्तनच आहे. आणि दिंडीच्या वाटेवर झाड लावायचेच असेल तर वड, उंबर किंवा मोह लावा, नाव लिहून ठेवा आणि दोन उन्हाळे पाणी घाला.

मध गोळा करणारा, ज्याला भागवतात मधुहा म्हटले आहे, त्याचा विचार राहिला. तो पुढील अंकी करू.